गोळी एक, प्रकृती अनेक : थायरॉइडचे औषध आणि आनुवंशिकता



शीळफाट्यावर ज्याने कधी वाहनाची वाट पाहिली आहे, त्याला फाटा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मुंब्र्याकडून आलेला रस्ता येथे फुटतो. एक वाट कल्याण-डोंबिवलीकडे जाते, दुसरी तळोज्यावरून पनवेलकडे, तिसरी महाप्याकडे. ट्रक तोच आणि माल तोच. पण येथे तो कोणीकडे वळला यावर त्याचे मुक्कामाचे ठिकाण ठरते. औषधाची गोळीही पोटात गेल्यावर अशाच एका फाट्यावर येते. शेकडो माणसांत ती सरळ वाटेने जाते आणि गुण देते. एखाद्याच्या शरीरात मात्र ती आडवाटेला वळते आणि ज्या हाताने बरे करायचे त्याच हाताने घात करते. हे वळण कशाने ठरते? त्यात आईबापांकडून आलेल्या वारशाचा वाटा किती? आणि तो वाटा ठाऊक झाला तर त्याचा उपयोग काय? या तीन प्रश्नांचा आज थायरॉइडच्या एका औषधाच्या निमित्ताने विचार करू.

दोन रोग आणि दोन गोळ्या

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘थायरॉइडची गोळी’ हा शब्द आता घरोघरी झाला आहे. इमारतीच्या एकेका मजल्यावर ती घेणारी एखादी तरी गृहिणी सापडते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. त्यांत मुंबई आणि गोवाही होते. शेकडा जवळजवळ अकरा जणांत ही ग्रंथी मंद असल्याचे त्या पाहणीत आढळले. या मंद ग्रंथीसाठी सकाळी उपाशीपोटी जी गोळी घेतात ती थायरॉक्सिनची. ग्रंथी जो रस पुरेसा करीत नाही, तोच बाहेरून द्यायचा, एवढेच तिचे काम. आजच्या व्याख्यानातील धोका त्या गोळीचा नव्हे. ती घेणाऱ्यांनी निश्चिंत मनाने ऐकावे आणि उद्या सकाळी आपली गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी.

आपला विषय याच्या नेमका उलट आहे. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिला आपल्या परिभाषेत अवटु ग्रंथी असे नाव आहे. ती कधीकधी मंद होण्याऐवजी बेफाम होते. मग भूक वाढते पण वजन उतरते. छातीत धडधड होते, हात कापतात, उकाडा सोसवत नाही, झोप उडते, माणूस चिडका होतो. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे ग्रेव्ह्‌जचा रोग. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज या डॉक्टरने १८३५ साली त्याचे वर्णन केले, म्हणून ते नाव. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक, आणि एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा दिसणारा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती कामास येईल.

या बेफाम ग्रंथीला आवर घालण्यासाठी आपल्याकडे बहुधा देतात ती गोळी कार्बिमाझोलची. शरीरात गेल्यावर तिचे रूपांतर मेथिमाझोल या द्रव्यात होते. तेच खरे काम करते. दुसरे याच वर्गातील औषध म्हणजे प्रोपिलथायोयुरॅसिल. यातून एक व्यावहारिक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. फेफऱ्यावर ‘कार्बामाझेपीन’ नावाचे औषध मिळते. कार्बिमाझोल आणि कार्बामाझेपीन ही दोन नावे कानाला जुळ्या भावंडांसारखी वाटली, तरी औषधे सर्वस्वी निराळी आहेत. दुकानातून घरी आल्यावर वेष्टनावरचे नाव चिठ्ठीशी ताडून पाहण्याची सवय सर्वांनी ठेवावी.

कोबीपासून कार्बिमाझोलपर्यंत

या औषधांचा शोध कोबीच्या पानांपासून सुरू झाला, असे म्हटले तर नवल वाटेल. १९२८ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे काही संशोधक सशांवर निराळेच प्रयोग करीत होते. सशांना रोज कोबी खायला मिळे. त्यांच्या गळ्यांच्या ग्रंथी सुजल्याचे त्यांना दिसले. अन्नातले किंवा औषधातले काही पदार्थ या ग्रंथीचे काम अडवितात आणि मग ती बिचारी अधिक खटपट करून फुगते, हा उलगडा पुढच्या काही वर्षांत झाला. जे द्रव्य निरोगी ग्रंथीचे काम अडविते, तेच बेफाम ग्रंथीला लगाम घालील, हा विचार बोस्टनच्या एडविन ॲस्टवूड यांनी प्रत्यक्षात आणला. १९४३ साली त्यांनी थायोयुरिया आणि थायोयुरॅसिल ही द्रव्ये रोग्यांना देऊन पाहिली. तोवर या रोगावर मुख्य उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. आता गोळ्यांनी रोग आटोक्यात येऊ लागला. ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु या नव्या औषधांबरोबरच त्यांची काळी बाजूही दिसून आली. अगदी सुरुवातीच्या रोग्यांतच कोणाकोणाच्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा झाल्या. पुढे अधिक सौम्य औषधे आली, मेथिमाझोल आले, कार्बिमाझोल आले. घात कमी झाला, पण संपला नाही. आज साधारणपणे हजार रोग्यांमागे दोन ते पाच जणांना तो होतो. हजारातले दोन-पाच म्हणजे फार नव्हेत, हे खरे. पण ज्याच्या घरी तो होतो त्याच्या घरी तो पुरताच होतो.

काय होते ते पाहू. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची राखण करणारे शिपाई, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर सर्वांत आधी धावून जातात. एका घन मिलिमीटर रक्तात त्या सामान्यतः दोन हजारांपासून सात हजारांपर्यंत असतात. त्यांचे आयुष्य फार थोडे. रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात. म्हणून हाडांतल्या मगजात त्यांचा कारखाना अहोरात्र चालू असतो. तो बंद पडला की शिल्लक साठा चार-दोन दिवसांत संपतो आणि पेशींची संख्या पाचशेच्या खाली, कधी जवळजवळ शून्यावर येते. या अवस्थेला डॉक्टर ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. घशात आणि तोंडात नेहमी वस्तीला असणारे जंतू आता बेबंद होतात. घसा फुटतो, तोंडात फोड येतात, सणकून ताप भरतो. वेळीच ओळखले तर औषध थांबवून, इस्पितळात ठेवून, जंतुनाशके देऊन आणि मगजाला चालना देणारी इंजेक्शने टोचून बहुतेक रोगी आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतात. ओळखले नाही तर जंतुदोष रक्तात पसरतो आणि प्राणावर बेतते.

हा घात बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो. गोळीचे प्रमाण मोठे असेल तर त्याचा संभव वाढतो. औषध मध्येच बंद करून काही महिन्यांनी पुन्हा सुरू केले तर धोक्याचे ते दिवस पुन्हा नव्याने मोजावे लागतात. येथवरचे डॉक्टरांना पुष्कळ दिवसांपासून माहीत होते. उत्तर मिळत नव्हते ते एकाच प्रश्नाचे. हजारातले ते तिघे-चौघे कोण?

मुंबईने आधीच घालून दिलेला धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी थोडे घराजवळ पाहू. आनुवंशिक भेद एरवी दिसत नाही, उपचार करू गेले की उघडा पडतो, ही गोष्ट जगाला शिकविणाऱ्या शहरांत आपली मुंबई आहे.

१९५२ साली परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी एका नव्या रक्तगटाची माहिती ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकात प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत या माणसांचे रक्त ‘ओ’ गटाचे वाटे. पण ‘ओ’ गटाचे रक्त त्यांच्या रक्ताशी जुळेना. ‘ओ’ गटाच्या पेशींवरही जो एक मूळ पदार्थ असतो, तोच यांच्या पेशींवर नव्हता. आजही जगभर या गटाला ‘बॉम्बे’ गटच म्हणतात. मुंबईच्या बाजूला तो सुमारे दहा हजारांत एकाचा असतो, असा अंदाज देतात. ज्याचा हा गट आहे तो माणूस जन्मभर धडधाकट असतो. नोकरी करतो, संसार करतो. पण अपघात होऊन रक्त चढविण्याची वेळ आली आणि भलतेच रक्त चढले, तर तोच अदृश्य भेद जिवावर उठतो. याच परळला १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था.

दुसरे उदाहरण औषधाचे आहे, म्हणून आपल्या विषयाला अधिक जवळचे. हिवतापावर प्रायमाक्विन नावाची गोळी देतात. ती घेतल्यावर काही माणसांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, लघवी काळपट होते. १९५६ साली अमेरिकेत याचे कारण सापडले. या माणसांत जी-सिक्स-पीडी या एका पाचकद्रव्याची जन्मजात उणीव असते. मुंबईत त्या वेळी डॉ. वि. रा. खानोलकर आणि डॉ. एल. डी. संघवी यांनी मानवी आनुवंशिकतेच्या अभ्यासाचा पाया घातलेला होता. शहरातील निरनिराळ्या जातिगटांच्या आनुवंशिक लक्षणांची त्यांची पाहणी १९४९ सालीच प्रसिद्ध झाली होती. १९६० नंतर संघवी आणि त्यांचे सहकारी यांनी ही जी-सिक्स-पीडीची उणीवही मुंबईकरांत मोजली. पारशी समाजात ती इतर पुष्कळ गटांपेक्षा अधिक आढळली. ज्या समाजात लग्ने पिढ्यान् पिढ्या आपसांतच होतात, तेथे एखादे जनुक साठून राहते, हा त्याचा अर्थ.

म्हणजे औषधाचा गुण आणि अवगुण माणसाच्या वारशावर अवलंबून असू शकतो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. रोगाच्या आधी प्रकृती पाहावी असे आपले जुने वैद्यही सांगत. फरक इतकाच, की प्रकृतीचा एखादा अंश आता नेमका मोजता येतो.

पेशींवरची ओळखपाटी

तांबड्या पेशींचे गट लान्डस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिले. पांढऱ्या पेशींनाही गट असतात, हे १९५८ साली पॅरिसच्या झाँ दोसे यांनी दाखविले. त्याबद्दल त्यांना १९८० साली नोबेल पारितोषिक मिळाले. या गटांना एचएलए म्हणतात. ही नुसती खूण नव्हे. आपल्या बहुतेक सर्व पेशींच्या पृष्ठभागावर ही प्रथिने असतात आणि पेशीच्या आतल्या मालाचे लहान लहान तुकडे बाहेर धरून दाखवितात. गस्त घालणारे संरक्षक ते पाहतात. ‘हा आपला’ अशी खात्री पटली की पुढे जातात. ‘हा परका’ असे वाटले की हल्ला करतात. घरावरच्या पाटीवरून टपालवाला घर ओळखतो, तसाच हा प्रकार.

या पाट्या घडविणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात. माणसामाणसांत त्यांचे इतके प्रकार आहेत, की नातेसंबंध नसलेल्या दोन माणसांचे सर्व एचएलए जुळणे ही मोठीच दुर्मीळ गोष्ट. मूत्रपिंड बदलताना भावंडांच्या रक्ताची जुळणी प्रथम पाहतात ती यामुळेच. प्रत्येकाला एक संच आईकडून मिळतो आणि एक वडिलांकडून. म्हणून दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच सारखे असण्याचा संभव चारांत एक असतो.

आता शास्त्रज्ञांचा तर्क असा : एखाद्या विशिष्ट घडणीच्या पाटीवर हे औषध, किंवा औषधामुळे बदललेला एखादा तुकडा, असा काही बसतो, की गस्तवाल्यांची फसगत होते. ते आपल्याच न्यूट्रोफिल पेशींना आणि त्यांच्या मगजातील पूर्वजांना शत्रू समजून मारू लागतात.

या तर्काला आधार टप्प्याटप्प्याने मिळत गेला. १९९६ साली जपानी संशोधकांनी दाखविले, की मेथिमाझोलने असा घात झालेल्यांत डीआरबी-१ या जनुकाचा ०८:०३ हा प्रकार अपेक्षेपेक्षा अधिक आढळतो. २०१५ साली तैवानमधील संशोधकांनी त्याच्या जोडीला एचएलए-बी ३८:०२ हा प्रकार दाखविला. ज्यांच्याजवळ दोन्ही प्रकार असतात त्यांच्या बाबतीत घाताचे पारडे सुमारे अठ्ठेचाळीस पटींनी जड होते, असा त्यांचा हिशेब निघाला. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, हाँगकाँगमधूनही ३८:०२ ला दुजोरा मिळाला. त्याच वर्षी युरोपातील रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि तेथे दोषी ठरला तो निराळाच प्रकार, एचएलए-बी २७:०५. त्याने धोका सुमारे सात पटींनी वाढलेला दिसला.

या हकीगतीत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की पूर्वेकडे एक खूण आणि पश्चिमेकडे दुसरी. चिनी वंशाच्या लोकांत ३८:०२ पुष्कळ आढळतो, युरोपात तो विरळा. तेव्हा एका देशात सापडलेली खूण दुसऱ्या देशाला जशीच्या तशी लावता येत नाही. तैवानची चाचणी उचलून ठाण्यात आणली आणि ‘खूण नाही, म्हणजे धोका नाही’ असा निर्वाळा दिला, तर ती शुद्ध फसवणूक होईल.

मग सर्वांचीच चाचणी का करू नये?

येथे कोणीही विचारील, ‘रक्ताची एक चाचणी करून धोक्याचे रोगी आधीच वेगळे काढले म्हणजे झाले की!’ हे दिसते तितके सोपे नाही. एक हिशेब मांडून पाहू. आकडे सोयीसाठी मानलेले आहेत.

समजा, दहा हजार रोगी कार्बिमाझोल घेत आहेत आणि त्यांपैकी तिसांना हा घात होणार आहे. समजा, त्यांतल्या एक हजार जणांजवळ धोक्याची खूण आहे आणि ती धोका सात पटींनी वाढविते. आता तीस जणांची वाटणी करू. खूण असलेल्या हजारांत सुमारे तेरा जण सापडतील. खूण नसलेल्या नऊ हजारांत सुमारे सतरा. म्हणजे काय झाले? खूण असलेल्या हजारांपैकी नऊशे सत्त्याऐंशी जणांना काहीच झाले नसते. त्यांना एका चांगल्या औषधाला उगाच मुकावे लागले. आणि ज्यांना आपण ‘तुम्ही सुरक्षित आहात’ म्हणून घरी पाठविले, त्यांच्यातच अर्ध्याहून अधिक घात झाले! धोका सात पटींनी वाढला तरी मुळात जो फार थोडा होता, तो सात पट होऊनही थोडाच राहतो, हे या गणिताचे मर्म आहे.

सर्वच चाचण्यांची अशी गत होते असे मात्र नाही. मघाशी फेफऱ्याच्या कार्बामाझेपीन या औषधाचे नाव आले. त्या औषधाने काही जणांची सर्व अंगाची त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते. २००४ साली तैवानमध्ये आढळले, की अशा रोग्यांत एचएलए-बी १५:०२ हा प्रकार जवळजवळ नेमाने असतो. २००९ साली भारतातही आठ रोग्यांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि त्यांपैकी सहांत तीच खूण निघाली. तैवानमध्ये मग ४,८७७ जणांची आधी चाचणी केली, खूण असलेल्यांना ते औषध दिलेच नाही, आणि त्या सर्वांत एकालाही तो भयंकर विकार झाला नाही. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. तेथे खूण आणि घात यांचे नाते घट्ट होते, म्हणून चाचणी उपयोगी पडली. थायरॉइडच्या औषधात ते नाते सैल आहे. युरोपातील संशोधकांनी तीन जनुकीय खुणा एकत्र धरून हिशेब केला, तेव्हा एक घात टाळण्यासाठी सुमारे २३८ जणांची चाचणी करावी लागेल असे निघाले. हा आकडा निराशेचा नव्हे, पण तो युरोपातील माणसांचा आहे.

दुसरा धोका आपल्या समाजाचा खास आहे. जनुकांचे प्रमाण गटागटांत बदलते असे ऐकले, की कोणी लगेच म्हणतो, ‘मग अमक्या जातीला हे औषध चालते आणि तमक्या जातीला चालत नाही.’ डॉ. इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९६८ साली महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ जातिगटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एका नावाखाली मोडणारे गटही सर्वस्वी एकरूप नसतात, हे तिच्यातून घेण्यासारखे आहे. जातीचे नाव म्हणजे रक्ताचा अहवाल नव्हे. आणि आपला हा परिसर पाहा. शीळ, डायघर, दिवा येथले मूळचे आगरी-कोळी, घाटावरून आणि कोकणातून आलेले, मुंब्र्यातले मुसलमान, उत्तरेकडून पोटासाठी आलेले, सारे एकाच औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभे आहेत. डॉक्टरने आडनाव पाहून गोळी ठरवायची म्हटले तर ते शास्त्र होणार नाही, भविष्यकथन होईल.

तर मग करावे काय?

यंत्राच्या अहवालावर सगळा भार टाकता येत नाही, म्हणून रोग्याच्या स्वतःच्या ज्ञानाला मोल येते. आणि सुदैवाने हे ज्ञान एका पोस्टकार्डावर मावेल इतकेच आहे.

कार्बिमाझोल किंवा त्या वर्गातले दुसरे औषध सुरू करण्यापूर्वी रक्तातील पेशींची मोजणी आणि यकृताची तपासणी एकदा करून घ्यावी. पेशींची ही मोजणी, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली सीबीसी, लहानशा प्रयोगशाळेतही होते. ग्रेव्ह्‌जच्या रोगामुळेही पांढऱ्या पेशी थोड्या उतरतात. म्हणून पहिला आकडा हाताशी असला म्हणजे पुढच्या आकड्याचा अर्थ लागतो.

औषध चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पांढऱ्या पेशींची मोजणी करून घ्यायची. ‘उद्या पाहू’ नाही, ‘रविवार आहे’ नाही. मोजणी ठीक निघाली तर डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करतील. नुकसान एका सुईचे. पण ताप नाही, घसा नाही, केवळ हे व्याख्यान ऐकले म्हणून कोणी गोळी सोडू नये. बेफाम ग्रंथी तशीच सोडली तर ती हृदयावर ताण आणते आणि तोही घातच असतो.

मागच्या महिन्यातील मोजणी चांगली होती, या भरवशावर राहू नये. हा घात बहुधा एकाएकी होतो. काल भरलेली टाकी आज रिकामी, असा त्याचा स्वभाव. म्हणून ठरावीक तारखेच्या तपासणीपेक्षा घशाच्या पहिल्या दुखण्याकडे लक्ष देणे अधिक भरवशाचे.

डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे, ही यकृत दुखावल्याची लक्षणे. प्रोपिलथायोयुरॅसिलने यकृताला क्वचित फार गंभीर इजा होते. त्याबद्दल अमेरिकेतील औषध-नियंत्रकांनी २०१० साली कडक इशारा दिला. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत मात्र गर्भाच्या दृष्टीने कार्बिमाझोलपेक्षा तेच पसंत करतात. म्हणून दिवस राहिल्याचा संशय येताच डॉक्टरांना कळवावे.

एकदा या औषधाने पांढऱ्या पेशी गेल्या, तर त्या रोग्याने या वर्गातले कोणतेच औषध पुन्हा घ्यायचे नसते. त्याच्यासाठी दोन मार्ग उरतात : शस्त्रक्रिया आणि किरणोत्सारी आयोडीन. हा दुसरा उपचार आपल्याला नवा नाही. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली आणि परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली. तेव्हापासून या परिसरातील थायरॉइडच्या रोग्यांना त्याचा आधार आहे.

आता आनुवंशिकतेकडे पुन्हा वळू, कारण घरच्यांनी करायची गोष्ट तीच आहे. ग्रेव्ह्‌जचा रोग घराण्यात चालतो आणि एचएलएचे संच भावंडांत वाटून आलेले असतात. तेव्हा थोरल्या बहिणीला या गोळीने त्रास झाला असेल, तर धाकटीच्या डॉक्टरांना ते कळणे अगत्याचे. पण घडते काय? बहीण लग्न होऊन कल्याणला, दुसरी पनवेलला. दहा वर्षांपूर्वी ताई फार आजारी होती, ‘कसल्याशा तापाने’ इस्पितळात होती, एवढेच आठवते. औषधाचे नाव कोणी लिहून ठेवलेले नसते. लग्न जुळविताना आपण सात पिढ्यांची विचारपूस करतो. पण सख्ख्या बहिणीला कोणते औषध बाधले हे आपल्याला सांगता येत नाही. घरातल्या वहीत, जेथे दुधाचा आणि वाण्याचा हिशेब असतो, तेथेच एक पान यासाठी ठेवावे : कोणाला, कोणते औषध, कोणत्या साली, काय झाले. महागड्या चाचणीपूर्वीची ही पहिली आनुवंशिक चाचणी, आणि ती फुकट आहे.

तसेच पाठीच्या ताठरपणासाठी कोणाची एचएलए बी-२७ ही तपासणी झाली असेल आणि तिचा निकाल होकारार्थी असेल, तर थायरॉइडचे औषध सुरू होताना तो कागद दाखवावा. त्या तपासणीत २७:०५ हाच उपप्रकार आहे असे सिद्ध होत नाही, आणि असला तरी बहुतेकांना काही होत नाही. पण घशाच्या पहिल्या दुखण्याला अशा माणसाने अधिक जपावे, एवढा बोध त्यातून नक्की घेता येतो.

शेवटी एक चित्र डोळ्यांपुढे आणा. दिव्याहून रोज सकाळी गाडी पकडणारी एक बाई आहे. दीड महिन्यापूर्वी तिला कार्बिमाझोल सुरू झाले. धडधड थांबली, वजन भरू लागले, घरात सर्वांना बरे वाटले. एका संध्याकाळी तिला कणकण वाटते, घसा खवखवतो. सासूबाई म्हणतात, ‘अगं, हवा बदलली आहे, हळद-दूध घे आणि नीज.’ यात सासूबाईंचे काही चुकले नाही. शंभरांतल्या नव्याण्णव घशांना हळद-दूध पुरते. पण ही बाई त्या शंभरांतली नाही. ती गोळी घेणारी आहे. त्या रात्री तापाची गोळी घेऊन ती निजली, तर दोन दिवस ताप दबेल आणि तिसऱ्या दिवशी ती बेशुद्धीत इस्पितळात पोहोचेल. आणि ‘सासूबाई, मला त्या गोळीबद्दल डॉक्टरांनी सांगितले आहे, आजच रक्त तपासायचे’ एवढे एक वाक्य तिच्या तोंडून निघाले, तर पुढच्या महिन्यात ती पुन्हा आपल्या गाडीला उभी असेल.

तिच्या रक्तात कोणती पाटी आहे हे तिला ठाऊक नाही. आईवडिलांनी ती दिली तेव्हा कोणी विचारलेही नव्हते. वारसा निवडता येत नाही. पण ते एक वाक्य शिकता येते आणि शिकविताही येते. आपण सारे घरी गेल्यावर ज्याच्या घरी ही गोळी आहे त्याला ते सांगावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.